नवं की वरचं

प्रिन्सिपॉल साहेब आलेत का, असं भामरे सरांना विचारलं आणि त्यांनी त्या दिवशी साहेबांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नसलं, तर ते शांतपणे 'नाही' म्हणत. 'माहीत नाही' असं नव्हे, 'बघावं लागेल' असंही नव्हे. नुसतं 'नाही'. एकदा आमच्या कॉलेजात विद्यापीठाची तपासणी समिती आली. तीन माणसं गाडीतून उतरली आणि जिन्यात त्यांना पहिले भेटले ते भामरे. साहेब आहेत का, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हणाले भामरे. समिती परत गाडीत बसायला निघाली. तेवढ्यात साहेब रुमालाला हात पुसत बाथरूममधून बाहेर आले. भामऱ्यांनी मघाच्याच आवाजात समितीला हाक मारली, "आता आहेत."

साहेबांनी नंतर त्यांना केबिनमध्ये बोलावून चांगलं अर्धा तास झापलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले. साहेबांना वाटतं मी खोटं बोललो, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "जे माझ्याजवळच्या माहितीतून निघत नाही, ते नाही. माहिती आली, उत्तर बदललं. यात खोटं कुठं आलं?"

मी स्वतः आयुष्यात एकदा दिलेलं उत्तर कधी बदललेलं नाही. फळ्यावर चुकलेली गणितंसुद्धा मी तास संपेपर्यंत तशीच रेटून नेत असे.

नाशिकच्या बाहेर, त्र्यंबक रोडच्या अंगाला आमचं हे खासगी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. मी मेकॅनिकलचा, माझा विषय 'थिअरी ऑफ मशीन्स'. त्यातली बरीचशी यंत्रं मीही फळ्यावरच पाहिली होती. भामरे कॉम्प्युटरचे. मूळचे सटाण्याकडचे, चाळिशीच्या आसपासचे, लग्न न केलेले. अंगात बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट, नाशिकच्या डिसेंबरातसुद्धा. थंडी वाजत नाही का, असं विचारलं तर म्हणायचे, सहसा वाजते.

'सहसा' हा त्यांचा आवडता शब्द. जगातली कोणतीही गोष्ट ते 'सहसा'ने सुरू करत आणि मग तिचे अपवाद सांगत, अपवादांचे अपवाद सांगत. सहसा मिसळीवर कांदा घ्यावा. पोट बिघडलं असेल तर घेऊ नये. पण समोर पाहुणा बसला असेल तर बिघडलेल्या पोटानंही घ्यावा, नाहीतर तो पाहुणाही घेत नाही. हे सगळं सांगून होईपर्यंत मिसळ गार झालेली असे. त्यांच्याबरोबर एकदा मिसळ खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा जात नसे. मी दोनदा गेलो, कारण पहिल्या वेळी पाकीट विसरलो होतो.

शिकवायचे ते 'लॉजिक प्रोग्रामिंग' नावाचा ऐच्छिक विषय. ऐच्छिक असल्यामुळे कोणी घेत नसे. एखाद्या वर्षी चार मुलं, एखाद्या वर्षी दोन. त्या विषयात म्हणे कॉम्प्युटरला 'हे कर, ते कर' असं सांगायचं नसतं. आपल्याला काय ठाऊक आहे आणि त्याचे नियम काय, एवढंच लिहायचं आणि मग प्रश्न विचारायचा. तो 'हो' म्हणतो किंवा 'नाही' म्हणतो. मला वाटायचं, एवढंच करायचं तर आमच्या ऑफिसातला हेडक्लार्क काय वाईट आहे. तोही तेच करतो, शिवाय त्याला वीज लागत नाही.

त्याच विषयात भामऱ्यांची पीएच.डी. चालली होती. प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिणं सात वर्षं चाललं होतं. दर वर्षी परदेशातून कोणाचा तरी नवा लेख यायचा आणि त्यामुळे यांचं पहिलं प्रकरण जुनं व्हायचं. प्रबंध नेमका कशावर आहे हे त्यांनी मला कॉलेजच्या बसमध्ये समजावून सांगितलं होतं. समजा, घरात आईनं सांगितलंय की चातुर्मासात कांदा आणायचा नाही. मग डॉक्टर सांगतो, कांदा खा. डॉक्टरचं म्हणणं नवं आहे, पण आईचं वरचं आहे. आता कोणाचं ऐकायचं? नुसतं नवं ते खरं म्हटलं तर सोपं. नुसतं वरचं ते खरं म्हटलं तरी सोपं. पण दोन्ही एकदम असलं, आणि कोणाचं वरचं हेच जर उद्या बदललं, तर? एवढं सांगून ते खिडकीबाहेर बघत बसले. मी विचारलं, मग उत्तर काय? ते म्हणाले, तेच तर सात वर्षं.

"नवं की वरचं?" हा प्रश्न मग ते सगळीकडे विचारू लागले. कॉलेजात एकदा साहेबांचं जुनं परिपत्रक होतं की मस्टरवर सव्वानऊला सह्या करायच्या. रजिस्ट्रारनं नवीन नोटीस लावली, साडेनऊ. आम्ही सगळ्यांनी अर्थातच सोयीचं ते धरलं. भामरे मात्र सव्वानऊला येऊन, पेनाचं टोपण काढून मस्टरसमोर साडेनऊपर्यंत उभे. म्हणाले, एक वरचं आहे पण जुनं आहे, दुसरं नवं आहे पण खालचं आहे, मी मधे थांबलोय. साहेबांनी वैतागून तिसरं परिपत्रक काढलं: यापुढे मतभेद असल्यास प्राचार्यांचा शब्द अंतिम राहील. भामऱ्यांनी ते दोनदा वाचलं आणि दाखवून दिलं, की त्याच्यावर 'प्राचार्यांकरिता' म्हणून सही रजिस्ट्रारनंच केली आहे.

बहुधा या माणसाला कशात तरी अडकवून ठेवावं, म्हणूनच साहेबांनी त्या जूनमध्ये त्यांना टाइमटेबलचं काम दिलं असावं.

टाइमटेबल हे काम आमच्याकडे शिक्षा समजलं जाई. भामऱ्यांना मात्र ते लॉटरी लागल्यासारखं वाटलं. लाल पुठ्ठ्याची एक वही घेऊन ते एकेका प्राध्यापकाकडे जाऊन बसू लागले. तुम्हाला कोणता तास नको? कोणता हवा? का? हे 'का' ते आवर्जून विचारत आणि मग नुसते बसून राहत. आम्हाला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळे भराभर खोटं बोललो. गणिताचे दीक्षित सर म्हणाले, सकाळी माझं ध्यान असतं, पहिला तास नको. केमिस्ट्रीच्या खैरनार मॅडम म्हणाल्या, बारा ते एक मोकळा हवा, मला डबा शांतपणे खायची सवय आहे. मी सांगितलं, शनिवारची दुपार मोकळी हवी. का? संशोधन. खरं कारण झोप होतं. कशावर संशोधन, असं त्यांनी विचारलं. मी घाईत म्हणालो, उष्णता. त्यांनी 'उष्णता' लिहून घेतलं.

मग ते सगळे नियम त्यांनी कॉम्प्युटरला घातले आणि टाइमटेबल छापून लावलं. मला शनिवार मिळाला नव्हता. वर माझा तास जेवणानंतर लगेच होता, दीड वाजता, जेव्हा देवळातला देवही डुलक्या घेतो. मी तावातावानं जाब विचारायला गेलो. ते अगदी मनापासून समजावून सांगू लागले. इतर कोणाचा तास दुपारी ठेवला की मुलं झोपतात आणि नुकसान होतं. तुमच्या तासाला ती सकाळीही झोपतात, मी दोन आठवडे खिडकीतून पाहिलं, त्यामुळे तुमचा तास दुपारी ठेवण्यात नुकसान काहीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. मी हे घरी बायकोला सांगितलं. ती फार वेळ हसली, आणि मला वाटतं तेव्हापासूनच माझं भामऱ्यांशी बिनसलं.

मला जी मोकळी वेळ मिळाली होती ती गुरुवारी दुपारी, अडीचनंतर. ती मी मागितलेली नव्हती, पण ती उपयोगी पडली. माझे वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. आमच्या गंगापूर रोडच्या घरी दर गुरुवारी तीन वाजता व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट येत असे. वडिलांना उभं करायचं तर त्याच्याबरोबर आणखी एक धडधाकट माणूस लागे. बायको नोकरीला, घरी आई एकटी, आणि आईची कंबर आधीच गेलेली. त्या दिवशी मी बसऐवजी स्कूटरनं यायचो आणि अडीचला निघून घरी जायचो. योगायोग म्हणून मी त्याबद्दल देवाचे आभार मानले. भामऱ्यांचे मानायचं काही कारण नव्हतं, त्यांच्यावर तर मी शनिवारसाठी चिडलो होतो.

अशी तीन वर्षं गेली. ते दिवस कॉम्प्युटरच्या माणसांनी परदेशी उडून जायचे होते. दर दोन महिन्यांनी कोणीतरी राजीनामा द्यायचं आणि सोमवारी सकाळी भामरे नवीन टाइमटेबल चिकटवताना दिसायचे. डिंकाची बाटली घेऊन, तोंडानं पुटपुटत. प्रत्येक टाइमटेबलच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा असे. एका वर्षी तो सतरावर गेला. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर पुष्कळ विनोद केले. पुढाकार सहसा माझा असे.

मग एका जूनमध्ये कहर झाला. उन्हाळ्यात तीन जण सोडून गेले आणि त्यातच कॉलेजनं एक नवीन शाखा सुरू केली. भामरे दोन दिवस लॅबमध्ये होते. तिसऱ्या दिवशी ते साहेबांच्या केबिनमध्ये एक लांबलचक छापील कागद घेऊन गेले. त्याच्यावर एकच शब्द होता. 'नाही.' सगळे नियम पाळून टाइमटेबल बसत नाही. कोणता नियम मोडू ते सांगा, असं ते साहेबांना म्हणाले. साहेब म्हणाले, कोणाला तरी पुढंमागं करा. कोणाला? कोणालाही. भामऱ्यांनी मान हलवली. 'कोणालाही' असं लिहिता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी नियम बघू म्हणून वही मागितली, ती त्यांनी दिली नाही. त्यामुळे आठवडाभर कॉलेज टाइमटेबलशिवाय चाललं, म्हणजे चाललंच नाही. मुलं कॅन्टीनमध्ये आणि आम्ही स्टाफरूममध्ये.

या निवांत वेळात मी अर्ज लिहिला. माझं इंग्रजी चांगलं आहे असा माझा समज आहे, आणि त्या अर्जात तो मी पुरेपूर वापरला. टाइमटेबल नेहमी बदलतं, प्राध्यापकांच्या पसंतीला किंमत नाही, एका व्यक्तीच्या लहरीपायी विद्यार्थ्यांचं नुकसान होतं, वगैरे. बावीस सह्या झाल्या. अर्ज टेबलावर ठेवून मी चहाला गेलो आणि परत येतो तो भामरे तो वाचत उभे. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, एका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि सांगितलं, की इथं 'नेहमी' बरोबर नाही, 'सहसा' करा, मागच्या दिवाळीनंतर तीन आठवडे बदललं नव्हतं. बाकी मुद्दे खरे आहेत. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तेविसावी सही केली.

साहेबांनी अर्ज वाचून माझ्याकडे पाहिलं. अक्षर तुमचं आहे, म्हणाले, तेव्हा टाइमटेबलही तुम्हीच करा.

भामऱ्यांनी त्याच दुपारी लाल वही आणि दोन फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या. कुठंही राग नाही, टोमणा नाही. मी ते सगळं कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांखाली टाकलं. माणसाला दोन हात आणि एक खोडरबर असला की टाइमटेबल होतं, असं मी साहेबांना ऐकवलं आणि दोन दिवसांत करून दाखवलं. साहेब खूश झाले. स्वतःला मी शनिवारची दुपार देऊन टाकली, आणि तिच्या बदल्यात गुरुवारी तीन वाजता माझा एक तास पडला.

घरचं मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी विचार केला होता, फिजिओथेरपिस्टला शनिवारी बोलावू. तसं त्याला विचारायचं मात्र राहून गेलं. विचारलं तेव्हा कळलं, की तो शनिवारी पिंपळगावला असतो, तिथले पेशंट सोडून येणार नाही. आई म्हणाली, राहू दे, तासाभराचा तर प्रश्न, मी करते. मी राहू दिलं.

टाइमटेबल लावल्याच्या दुसऱ्या दिवशी भामरे माझ्या टेबलाशी आले होते. गुरुवारी दुपारी तुमचा तास दिसतोय, म्हणाले. मी म्हटलं, हो, मग? नवीन आहे म्हणून विचारलं, एवढं बोलून गेले.

तिसऱ्या गुरुवारी मी सहाला घरी पोचलो तेव्हा वडिलांच्या कोपराला पट्टी होती. आई पलंगाला पाठ टेकून जमिनीवरच बसली होती, तिला उठता येत नव्हतं. उभं करताना वडिलांचा तोल गेला आणि आईच्या अंगावर भार आला, दोघंही खाली बसली. फिजिओथेरपिस्टनं वडिलांना सावरून पलंगावर घेतलं म्हणून थोडक्यात निभावलं. मी उठते हळूहळू, असं सांगून आईनं त्याला पुढच्या पेशंटकडे पाठवून दिलं होतं. वडिलांना बोलता येत नसे. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या पट्टीकडे. मी आईला उठवायला खाली वाकलो तर तिनं विचारलं, "तुझा तास बुडला नाही ना?"

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडून लाल वही काढली. हेतू एवढाच, की माझा गुरुवारचा तास कुठंतरी सरकवायची एखादी युक्ती सापडते का बघावी.

वहीत प्रत्येकाच्या नावाला एक पान होतं. वर त्या माणसानं सांगितलेली पसंती, शाईनं. खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तारखा घालून, नंतर कळलेल्या गोष्टी. दीक्षितांच्या पानावर वर लिहिलं होतं: पहिला तास नको, ध्यान. खाली: साखर आहे, सकाळी इंजेक्शन असतं, त्यानंतर खायला वेळ मिळाला नाही तर हात थरथरतात, मुलांना दिसू नये असं वाटतं. खैरनार मॅडमच्या पानावर वर डबा होता. खाली: मुलगा बोलत नाही, पुण्याला विशेष शाळेत असतो, बारा वाजता शाळेत फोन लागतो, मॅडम बोलतात आणि तो ऐकतो.

मी दीक्षितांना आठवड्यातून चार दिवस पहिला तास दिला होता. खैरनार मॅडमना बारा ते दोन प्रॅक्टिकल. दोघांनीही माझ्याकडे तक्रार केली नव्हती. करणार कशी? स्वतःच सांगितलेल्या खोट्या कारणाला माणूस किती वेळा धरून बसेल?

माझं पान सापडलं. वर शाईनं: शनिवार दुपार. संशोधन, उष्णता. खाली पेन्सिलीनं: बसमध्ये बोलता बोलता म्हणाले, गुरुवारी तीनला वडिलांचा व्यायाम असतो, आई एकटी. मागतात शनिवार. लागतो गुरुवार. गुरुवार वरचा धरावा.

हे मी बसमध्ये कधी बोललो, ते मला आजही आठवत नाही.

भामऱ्यांचं पान शेवटी होतं. वर नाव, बाकी पान कोरं. त्याच्या मागच्या बाजूला तीन वर्षांत त्यांनी स्वतःकडे घेतलेले तास होते. सोमवारचा पहिला, शनिवारचा शेवटचा, जेवणानंतरचे, कोणीच न मागितलेले सगळे. जूनमधल्या यादीत तर एकाच वेळी दोन वर्गांवर त्यांचं नाव होतं, त्यावर काट मारून पुढं लिहिलं होतं: शक्य नाही. तेव्हा कुठं मला समजलं, की त्या लांबलचक कागदावरचं 'नाही' म्हणजे काय होतं. दुसऱ्या कोणाचंही काही न मोडता ते आजवर स्वतःला मधे घालत आले होते, आणि आता घालायला ते स्वतः शिल्लक उरले नव्हते.

रविवारी सकाळी मी वही आणि फ्लॉप्या घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते जेल रोडला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहत. पाच वर्षं एका बसनं जात असून मला त्यांचं घर विचारत विचारत शोधावं लागलं. ते गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, हातातला शर्ट झटकून दोरीवर टाकला आणि खाली घेऊन गेले. खोलीत एक कॉम्प्युटर, पाठ उघडी असलेला, आणि एकच खुर्ची. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पत्र्याच्या पेटीवर बसले.

मी माफी मागायला सुरुवात केली. तीही मी इंग्रजीत ठरवून आलो होतो. त्यांनी मला मधेच थांबवलं आणि वडिलांचं कोपर कसं आहे ते विचारलं. आमच्या शेजारचा एक विद्यार्थी त्यांच्या वर्गात होता, त्याच्याकडून कळलं होतं. बरं आहे, मी म्हणालो. मग मी विचारलं, की जूनमध्ये साहेबांना ही कारणं दाखवली असती, तर त्यांनी जास्तीचा माणूस नेमून दिला असता. वही का दिली नाही?

"कारणं मला सांगितली होती," ते म्हणाले, "साहेबांना नाही."

पण लोकांनी खरी कारणं सांगितली तरी कशी, हे मला कळेना. त्यांनाही ते नीट सांगता आलं नाही. म्हणाले, मी विचारतो आणि मग मला पुढं काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून मी बसून राहतो. थोड्या वेळानं लोक आपणहून सांगतात.

तेवढ्यात वीज गेली. खिडकीतून चिमण्या धूर सोडताना दिसत होत्या आणि आमच्या डोक्यावरचा पंखा थांबत होता. आम्ही जमिनीवर कागद पसरले. मी सांगितलं, की माझी शनिवारची दुपार काढून टाका, माझी आता कसलीच पसंती नाही, जिथं तुम्ही दोन ठिकाणी अडकलात तिथं मला उभं करा. भामरे म्हणाले, गुरुवार राहील. त्यावर मी वाद घातला नाही. ते बोलत गेले, मी लिहीत गेलो. सोमवारचा पहिला तास माझ्याकडे आला, शनिवारचा शेवटचा आला. दीक्षितांची सकाळ मोकळी झाली, मॅडमचा बारा ते एक मोकळा झाला. दुपारी वीज आल्यावर त्यांनी ते सगळं मशीनला घातलं. पाचेक मिनिटं काहीच झालं नाही. मग पडद्यावर उत्तर आलं, आणि ते 'हो' असं होतं. भामरे हसले. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर ते लक्षात ठेवण्यासारखं मला वाटलं नसेल.

निघताना मी वही चाळली आणि शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. तुमची पसंती राहिली, म्हटलं. त्यांना वाटलं मी आणखी कोणाचं तरी विचारतोय. कोणाची, असं त्यांनी विचारलं. तुमची. ते पेटीवर परत बसले. मला पुढं काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मीही बसून राहिलो. खाली रस्त्यावर भाजीवाला आला, ओरडून ओरडून पुढं गेला.

"बुधवारी शेवटचा तास तुमचा आहे," ते अखेर म्हणाले. "माझाही तेव्हाच सुटेल असं बसतं का बघा." आणि मी काही विचारायच्या आत, त्यांनी आपणहून 'का'चंही उत्तर दिलं. "चहाला कोणी बरोबर नसतं."

बसवलं. त्यासाठी मशीनला विचारलं नाही, दोन तासांची अदलाबदल केली आणि झालं.

पहिल्या बुधवारी आम्ही साडेचारला गेटाबाहेरच्या टपरीवर गेलो. मी पावसाचा विषय काढला, तो लगेच संपला. मग त्यांनी सटाण्याची गोष्ट सांगायला घेतली. आईची, तिच्या अंगणातल्या शेवग्याची, ती दारात पावलं वाजली की न बघताच आतून अहिराणीत "कोन शे?" असं विचारते आणि यांनी नाव सांगितलं तरी पुन्हा एकदा विचारते, त्याची. ती कशी विचारते ते त्यांनी आवाज काढून दाखवलं. आमचा दुसरा चहा झाला. सव्वापाचला कॉलेजची बस गेटातून बाहेर पडली आणि आमच्यासमोरून वळून नाशिककडे गेली. ती त्यांनाही दिसली आणि मलाही. आम्ही दोघंही उठलो नाही.